सेकंड हँड विद्युत मोटार : बॅटरीच्या वॉरंटीत काय असते आणि काय नसते

पेट्रोलची जुनी मोटार घ्यावयाची असेल तर काय पाहावे, हे आपल्या पिढीला चांगले ठाऊक आहे. ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्यावे, इंजिनाचा आवाज ऐकावा, सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा रंग पाहावा, टायर व क्लच तपासावे आणि मग भाव करावा. विद्युत मोटारीपुढे हा सारा अनुभव निरुपयोगी ठरतो. तिला आवाज नाही, धूर नाही आणि क्लचही नाही. चार वर्षे वापरलेली मोटार चालवून पाहता नव्यासारखीच वाटते. तिचे खरे वय तळाशी बसविलेल्या एका बंद पेटीत, म्हणजे बॅटरीत, दडलेले असते. आणि मोटारीच्या किमतीतील सर्वांत मोठा हिस्साही त्या पेटीचाच असतो.

आपल्या मंडळातील कित्येक ज्येष्ठ सभासद निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. दवाखाना, बाजार आणि नातवंडांची शाळा एवढ्यापुरती त्यांना मोटार हवी असते. तरुण सभासदांच्या डोक्यावर नव्या दवाखान्याचे कर्ज असते. या दोघांनाही तीन-चार वर्षे वापरलेली विद्युत मोटार मोहात पाडते, कारण नव्या मोटारीच्या मानाने तिची किंमत बरीच उतरलेली असते आणि चालविण्याचा खर्चही अल्प असतो. मनात शंका येते ती बॅटरीची. विक्रेत्याजवळ त्यावर ठरलेले उत्तर असते : "साहेब, बॅटरीची चिंताच नको. आठ वर्षांची वॉरंटी आहे. बिघडली तर कंपनी नवी बसवून देते."

या एका आश्वासनात तीन गृहीतके आहेत. वॉरंटी नव्या मालकाकडे जशीच्या तशी येते, हे पहिले. बॅटरी क्षीण झाली म्हणजे ती 'बिघडली' असे कंपनी मानते, हे दुसरे. आणि बदली मिळते ती नवी कोरी बॅटरी असते, हे तिसरे. ही तिन्ही गृहीतके अर्धसत्य आहेत. ती कशी, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी अभियंता नाही, बालरोगतज्ज्ञ आहे. परंतु वाढीचा तक्ता वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला बॅटरीचा घसरणीचा तक्ता फारसा परका वाटत नाही.

बॅटरी म्हातारी कशी होते

विद्युत मोटारीची बॅटरी ही एकसंध वस्तू नसून अनेक लहान सेलची ती वसाहत असते. चार्जिंग होत असताना लिथियमचे आयन एका अग्राकडून ग्राफाइटच्या अग्राकडे जातात आणि मोटार चालताना परत येतात. पहिल्याच चार्जिंगपासून ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर धरू लागतो. हा थर आवश्यकच असतो, कारण तो सेलचे रक्षण करतो. परंतु वर्षानुवर्षे तो जाड होत जातो आणि त्या वाढीत थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. बॅटरीची क्षमता घटण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

उष्णता या प्रक्रियेस वेग देते. पूर्ण चार्ज केलेली मोटार दिवसचे दिवस उन्हात उभी ठेवणे बॅटरीस विशेष अपायकारक असते. म्हणजेच न चालविता ठेवलेली मोटारही म्हातारी होते. "गाडी फार चाललेलीच नाही" हे वाक्य पेट्रोल मोटारीच्या बाबतीत प्रशस्तिपत्र ठरत असेल. येथे ते अपुरे आहे. माळव्याच्या रात्री कितीही सुखद असोत, एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या इंदुरातही पारा चाळिशी ओलांडतो, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट सेलच्या समतोलाची. हात धरून रांगेने चाललेल्या मुलांची गती त्यांतील सर्वांत दमलेल्या मुलावर ठरते. बॅटरीचेही तसेच आहे. एकामागे एक जोडलेल्या सेलपैकी एखादा दुर्बळ झाला, तर बाकीचे धडधाकट असूनही संपूर्ण बॅटरीला त्याच्याच मर्यादेत काम करावे लागते. म्हणून बॅटरीचे दुखणे दोन प्रकारचे असते. सर्व सेल एकत्रितपणे सावकाश क्षीण होणे, हे वार्धक्य. एखादा सेल किंवा सेलचा गट अकस्मात निकामी होणे, हा रोग. वॉरंटीचा सारा वाद या दोहोंच्या सीमारेषेवर चालतो.

बॅटरीची आजची क्षमता ती नवी असतानाच्या क्षमतेच्या किती टक्के आहे, हे सांगणाऱ्या आकड्यास 'स्टेट ऑफ हेल्थ' म्हणतात. आपण त्याला 'आरोग्यांक' म्हणू. वाहनांची माहिती संकलित करणाऱ्या कॅनडातील जिओटॅब या कंपनीने २०१९ मध्ये सहा हजारांहून अधिक विद्युत वाहनांच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा सरासरी घट वर्षाला २.३ टक्के आढळली. या गतीने आठ वर्षांनी सुमारे ८२ टक्के आरोग्यांक शिल्लक राहावा. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

फिनिक्सचा धडा

क्षमतेच्या घटीसाठी वॉरंटी असावी, ही कल्पना कंपन्यांना आपणहून सुचलेली नाही. निसान कंपनीची 'लीफ' ही मोटार डिसेंबर २०१० मध्ये जपान व अमेरिकेत विक्रीस आली. तिची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत २४ युनिटांची होती. बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रव फिरविणारी यंत्रणा तीत नव्हती. चालकासमोरच्या फलकावर बॅटरीची क्षमता दर्शविणाऱ्या बारा लहान पट्ट्या असत.

२०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या फिनिक्स परिसरातील मालकांच्या ध्यानात आले की या पट्ट्या एकेक करून मावळत आहेत. मोटारी जेमतेम दीड-दोन वर्षांच्या होत्या. फिनिक्स हे वाळवंटातले शहर. तेथे उन्हाळ्यात ४५ अंशांच्याही वर तापमान जाते. मालकांनी वॉरंटीचे पुस्तक उघडले. बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची वॉरंटी होती खरी, परंतु ती सदोष साहित्य वा सदोष बांधणीपुरती होती. हळूहळू होणारी क्षमतेची घट त्यातून स्पष्टपणे वगळलेली होती. रोगाला औषध होते, वार्धक्याला नव्हते. आणि दोन वर्षांच्या मुलास आलेल्या वार्धक्याचे काय करावे, याचे उत्तर पुस्तकात कोठेच नव्हते.

तक्रारी वाढल्या, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये कंपनीने क्षमतेची निराळी वॉरंटी जाहीर केली. पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या, म्हणजे सुमारे ९६ हजार कि.मी. च्या आत बारापैकी नऊहून कमी पट्ट्या उरल्या, तर बॅटरी दुरुस्त करून वा बदलून देण्यात येईल, असे तिचे स्वरूप होते. नऊ पट्ट्या म्हणजे ढोबळमानाने ७० टक्के क्षमता. ही वॉरंटी आधी विकलेल्या मोटारींनाही लागू करण्यात आली. मात्र त्यातील शब्दरचना सूक्ष्म होती. क्षमता किमान नऊ पट्ट्यांपर्यंत आणून देण्याचे ते वचन होते. बारा पट्ट्यांचे नव्हे.

पुढे २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकेत बदली बॅटरीची किंमत ५,४९९ डॉलर जाहीर केली आणि त्यासाठी जुनी बॅटरी परत करण्याची अट घातली. त्यामुळे जुन्या लीफच्या खरेदीदारांना प्रथमच एक हिशेब मांडता आला. नऊ पट्ट्यांची मोटार व आठ पट्ट्यांची मोटार यांत आठ पट्ट्यांची अधिक किमती ठरण्याचा चमत्कार घडू लागला, कारण मुदत शिल्लक असेल तर आठवाली बदलून मिळे आणि नऊवाली मात्र तशीच राही. आजाऱ्याला उपचार आणि अर्धवट आजाऱ्याला केवळ धीर, अशी ही स्थिती होती.

येथे सत्तर टक्क्यांच्या रेषेचे मर्म उघड होते. सरासरी बॅटरी आठ वर्षांनी ८२ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ७० टक्क्यांची वॉरंटी ही सामान्य बॅटरीसाठी नाहीच. ती अपवादात्मक दुर्दैवासाठी आहे. ७४ टक्के आरोग्यांकाची मोटार ज्याने ९० टक्क्यांच्या भावात घेतली, त्याला कोणतीही कंपनी काही देणार नाही. ही तूट वॉरंटीने भरून निघत नसल्यामुळे ती खरेदीच्या किमतीतच वळती करून घ्यावी लागते.

बोल्टची कहाणी

याच्या उलट, बॅटरीची बदली जुन्या मोटारीच्या खरेदीदारास लाभदायक ठरल्याचेही एक मोठे उदाहरण आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले 'बोल्ट' या मोटारीच्या काही बॅटऱ्यांना आगी लागल्या. शोधाअंती आढळले की सेल बनविताना दोन दोष राहून गेले होते. एका अग्राची जोडपट्टी फाटलेली असणे आणि दोन अग्रांमधील विभाजक पडद्यास घडी पडलेली असणे, हे ते दोष. दोन्ही एकाच सेलमध्ये आले म्हणजे आगीचा धोका उत्पन्न होई. नोव्हेंबर २०२० मध्ये काही मोटारी परत बोलाविण्यात आल्या आणि ऑगस्ट २०२१ पर्यंत ही मोहीम २०१७ ते २०२२ या सर्व वर्षांच्या बोल्टवर, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार मोटारींवर जाऊन पोहोचली. मोटार घरापासून दूर उघड्यावर उभी करा, ९० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, रात्रभर घरात चार्जिंगला लावून झोपू नका, अशा सूचना मालकांना देण्यात आल्या. सेलचा पुरवठा करणाऱ्या एल.जी. समूहाने जनरल मोटर्सला १.९ अब्ज डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले.

२०१७ ते २०१९ च्या बोल्टमध्ये बसविलेले नवे सेल अधिक क्षमतेचे होते. त्यामुळे एका चार्जमध्ये मूळ २३८ मैल जाणारी मोटार २५९ मैलांपर्यंत जाऊ लागली आणि बदललेल्या बॅटरीस आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची नवी वॉरंटीही मिळाली. चार वर्षे वापरलेल्या मोटारीत कोरी बॅटरी आली. ज्या खरेदीदारांनी विक्रेत्याकडून बदलीचा कागद मागून घेतला, त्यांच्या हाती स्वस्तात उत्तम वस्तू पडली.

परंतु सर्वच बोल्टच्या बॅटऱ्या सरसकट बदलल्या गेल्या नाहीत. २०२० ते २०२२ च्या मोटारींसाठी २०२३ मध्ये निराळा मार्ग योजला गेला. मोटारीत निदान करणारे सॉफ्टवेअर घालून सुमारे दहा हजार कि.मी. पर्यंत चार्जिंगवर ८० टक्क्यांची मर्यादा ठेवावयाची आणि या निरीक्षणात दोष आढळेल त्याच मोटारीची बॅटरी बदलावयाची, असा तो मार्ग होता. आपण ज्याला 'ऑब्झर्वेशन' म्हणतो तोच प्रकार. म्हणजे बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन मोटारींपैकी एकीत नवी बॅटरी आणि दुसरीत मूळचीच, असे होऊ शकते. फरक कळतो तो केवळ चासी क्रमांकावरून काढलेल्या नोंदीत. आपल्या देशातही डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाई कंपनीने ४५६ कोना मोटारी बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलाविल्या होत्या. जुनी मोटार घेणाऱ्याने हा इतिहास विचारलाच पाहिजे.

आपल्याकडील वॉरंट्या

बंगळूरची छोटी 'रेवा' २००१ मध्ये आली तेव्हा तीत शिसे व आम्लाची बॅटरी असे आणि काही वर्षांनी ती बदलावी लागणार, हे मालक गृहीतच धरून चालत. लिथियमची बॅटरी आली आणि आठ वर्षांची भाषा सुरू झाली. टाटांची नेक्सॉन ई.व्ही. जानेवारी २०२० मध्ये आली, ती बॅटरीस आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार कि.मी. यांपैकी जे आधी होईल तोवरची वॉरंटी घेऊन. ही मुदत मोटारीच्या प्रथम विक्रीपासून मोजली जाते, आपण ती घेतल्यापासून नव्हे. जानेवारी २०२० मध्ये विकलेल्या मोटारीची वॉरंटी जानेवारी २०२८ मध्ये संपणार, मग मधल्या काळात मालक कितीही बदलोत.

त्यानंतर 'आजीवन वॉरंटी' हा शब्द प्रचारात आला. २०२४ मध्ये आलेली एम.जी. कंपनीची विंडसर, त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर झालेल्या महिंद्रांच्या बी.ई. ६ व एक्स.ई.व्ही. ९ ई आणि २०२५ मध्ये टाटांच्या हॅरियर, कर्व्ह व नेक्सॉनच्या काही प्रकारांसाठी ही वॉरंटी जाहीर झाली. परंतु या 'आजीवन' शब्दाचा अर्थ पहिल्या खाजगी मालकापुरता आहे. मोटार दुसऱ्याच्या नावे झाली की महिंद्रांच्या या मोटारींना दहा वर्षे किंवा दोन लाख कि.मी., तर एम.जी. च्या मोटारीस आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार कि.मी. अशी मर्यादा येते. विक्रेत्याच्या तोंडी 'लाइफटाइम' असले, तरी आपल्या वाट्यास येते ते उरलेले आयुष्यच.

विंडसरसोबत बॅटरी भाड्याने घेण्याची योजनाही आली. आरंभी मोटारीची किंमत ९ लाख ९९ हजार रुपये आणि बॅटरीसाठी दर कि.मी. ला साडेतीन रुपये, असे तिचे स्वरूप होते. अशा योजनेतील मोटार पुढे जुन्या बाजारात आली, तर बॅटरी कोणाच्या मालकीची, भाड्याचा करार कोणाच्या नावे, आणि वित्तसंस्थेचे 'ना हरकत' पत्र मिळाले आहे काय, हे प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत.

'बदली' म्हणजे नेमके काय?

वॉरंटीखाली बॅटरी 'बदलली' याचा अर्थ संपूर्ण नवी पेटी बसविली, असा नेहमीच होत नाही. पुष्कळदा सदोष मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, तेवढाच बदलला जातो. काही वेळा कारखान्यात दुरुस्त केलेली जुनी बॅटरी बसविली जाते. टेस्ला कंपनीच्या वॉरंटीत हे स्पष्टच लिहिलेले आहे. बदलून दिलेली बॅटरी बिघाडापूर्वीच्या मूळ बॅटरीइतक्या क्षमतेची असेल आणि त्यात मोटारीचे वय व झालेला प्रवास विचारात घेतला जाईल, असा त्या कलमाचा आशय आहे. सत्तरीच्या रुग्णाचा गुडघा बदलून मिळतो, तारुण्य बदलून मिळत नाही. हे अन्यायाचे आहे असे मी म्हणत नाही. परंतु ते आधी ठाऊक असावे.

त्याचप्रमाणे बदललेल्या भागास सामान्यतः मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू होते. बोल्टला नवी आठ वर्षे मिळाली, ती सुरक्षिततेच्या दोषामुळे झालेल्या मोहिमेत. नेहमीच्या दाव्यात ती अपेक्षा धरू नये.

एका सहकाऱ्याचा अनुभव

आपल्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पुण्याहून पाच वर्षे वापरलेली एक विद्युत मोटार आणली. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली ती मोटार आठवड्यातून एकदा उज्जैनच्या धर्मादाय दवाखान्यात जाण्यासाठी होती. जाऊन-येऊन सुमारे ११० कि.मी., म्हणजे मोटारीच्या आवाक्यातील अंतर. चार महिने सर्व ठीक चालले. मग एका संध्याकाळी परतताना फलकावरील २८ टक्के पाहता पाहता ९ टक्क्यांवर आले आणि सांवेरच्या अलीकडे मोटार थांबली.

अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रथम सॉफ्टवेअर नवे करून मोटार परत देण्यात आली. आठवड्याने पुन्हा तेच घडले. आता उत्तर आले की पूर्वीच्या मालकाने एक वार्षिक सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजमध्ये केले आहे, सबब वॉरंटीचा दावा अमान्य. स्वखर्चाने बॅटरी बदलण्याचा जो अंदाज सांगण्यात आला, तो त्यांनी मोटारीसाठी मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक होता.

या गृहस्थांनी आयुष्यभर रुग्णांचे केसपेपर नीट ठेवले होते. त्याच सवयीने त्यांनी मोटारीचीही वही ठेवली होती. प्रत्येक चार्जिंगची तारीख, आरंभीचे व शेवटचे टक्के, मीटरवरील युनिटे आणि झालेला प्रवास त्यात नोंदलेला होता. त्यांनी कंपनीस लेखी विचारले की बाहेर केलेल्या सर्व्हिसिंगचा सेलमधील असमतोलाशी कार्यकारणसंबंध काय, तो दाखवा. आणि प्रत्येक सेलच्या व्होल्टेजचा अहवाल लेखी द्या. अहवालात एका मॉड्यूलमधील सेल इतरांहून स्पष्टपणे मागे पडलेले दिसले. सुमारे नऊ आठवड्यांनी ते मॉड्यूल वॉरंटीखाली बदलून मिळाले. त्या नऊ आठवड्यांत दुसरी मोटार मिळाली नाही. उज्जैनच्या फेऱ्या बसने झाल्या. बदललेल्या मॉड्यूलची वॉरंटी उरलेल्या तीन वर्षांचीच आहे. तरीही हा विजयच म्हणावयाचा, आणि तो मिळवून दिला त्या वहीने.

घेण्यापूर्वी काय पाहावे

१. प्रथम विक्रीची तारीख व वॉरंटीचे पुस्तक. आर.सी. वरील नोंदणीची तारीख पाहावी आणि पुस्तकातील बॅटरीचे प्रकरण स्वतः वाचावे. क्षमतेच्या घटीसाठी टक्केवारी लिहिलेली आहे की केवळ 'सदोष बांधणी' एवढेच शब्द आहेत, हे सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्या मालकासंबंधीचे कलम शोधून काढावे.

२. पूर्वीचा वापर. खाजगी विद्युत मोटारीची नंबर प्लेट हिरवी व अक्षरे पांढरी असतात. भाड्याने चालणाऱ्या वाहनाची अक्षरे पिवळी असतात. टॅक्सी म्हणून चाललेली मोटार पुढे खाजगी करून विकली जात असेल, तर वॉरंटीच्या अटी निराळ्या असू शकतात.

३. अधिकृत वर्कशॉपचा इतिहास. चासी क्रमांक देऊन सर्व्हिसिंगच्या नोंदी, परत बोलाविण्याच्या मोहिमा, सॉफ्टवेअर आणि बॅटरीवर झालेले काम यांचा लेखी उतारा घ्यावा. पाण्यात बुडालेली किंवा तळास मार लागलेली मोटार वॉरंटीतून बहुधा बाद होते. म्हणून विम्याच्या दाव्यांचा इतिहासही विचारावा.

४. आरोग्यांकाचा अहवाल. सौदा पक्का करण्यापूर्वी अधिकृत वर्कशॉपमधून बॅटरीची तपासणी करून घ्यावी आणि त्यात सेलमधील व्होल्टेजचा फरक नमूद करण्यास सांगावे. सरासरी उत्तम असूनही एखादा सेल दुर्बळ असू शकतो.

५. घरची चाचणी. विक्रेता मोटार एक दिवस देण्यास तयार असेल, तर २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत घरच्या मीटरवर चार्ज करावी. उदाहरणार्थ, ३०.२ युनिटांची बॅटरी घेऊ. तिचे ८० टक्के म्हणजे सुमारे २४ युनिटे. चार्जिंगमध्ये साधारण दहा टक्के वीज वाया जाते असे धरल्यास मीटरवर २७ च्या आसपास युनिटे पडावीत. वीसच पडली, तर त्यांतील अठरा बॅटरीत गेली आणि आरोग्यांक ७५ टक्क्यांच्या जवळ आहे, असा संशय घ्यावा. ही चाचणी स्थूल आहे. तिच्यावरून निदान करू नये, पण पुढील तपासणी सांगण्यास ती पुरेशी आहे.

६. नावाची बदली. फॉर्म २९ व ३० भरून आर.सी. आपल्या नावे करावी. महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात मोटार आणताना फॉर्म २८ चे 'ना हरकत' पत्र आणि येथील कर यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. एवढ्यावर न थांबता कंपनीच्या दप्तरीही मालकाचे नाव बदलून घ्यावे व त्याची पोच ठेवावी.

एवढे करूनही वाद उद्भवलाच तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. मोबदल्याची रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि तक्रारदार राहतो तेथेही तक्रार दाखल करता येते. पुण्याच्या व्यवहारासाठी पुण्यास खेटे घालण्याचे कारण नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते आणि गरज पडल्यास आयोग वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करवून घेऊ शकतो.

परदेशांत हा प्रश्न कंपनीच्या मर्जीवर न ठेवण्याकडे कल आहे. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक मंचाने निकष ठरविले. त्यानुसार पाच वर्षे किंवा एक लाख कि.मी. पर्यंत ८० टक्के आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार कि.मी. पर्यंत ७० टक्के क्षमता टिकावी. युरोपने २०२३ च्या नियमावलीत वाहनाच्या बॅटरीस 'पासपोर्ट' देण्याची तरतूद केली असून फेब्रुवारी २०२७ ही त्याची मुदत ठरविली. बॅटरीचा जन्म, घटकद्रव्ये आणि आरोग्य यांची नोंद मालक बदलला तरी तिच्यासोबत जावी, ही त्यामागील कल्पना आहे. आमच्या शाखेत मुलाच्या लसीकरणाचे कार्ड गाव बदलले तरी त्याच्यासोबत जाते, त्याचेच हे रूप.

एकदाच केलेल्या वजनावरून मूल सुदृढ आहे की कुपोषित, हे आम्ही कधी ठरवीत नाही. मागील महिन्यांची वजने मागतो. जुन्या विद्युत मोटारीच्या बाबतीत हाच नियम पाळावा. मोटार चकचकीत आहे की नाही हे दुय्यम. तिच्यासोबत नोंदी किती येतात, ते पाहावे. नोंदी असतील तर बॅटरीचे उरलेले आयुष्य ओळखता येते, योग्य भाव सांगता येतो आणि वेळ आली तर वॉरंटीचा दावाही उभा राहतो. नोंदी नसतील, तर मोटार कितीही स्वस्त मिळो, विक्रेत्यास नम्रपणे नमस्कार करून दुसरी पाहावी. आणि ज्यांच्याजवळ आज नवी विद्युत मोटार आहे, त्यांनी आजच एक वही घालावी. पुढे ती मोटार ज्याच्या हाती जाईल, तो तुम्हांला दुवा देईल. आणि त्या वहीमुळे तुम्हांलाही चार पैसे अधिक मिळतील.